अंगणात कुत्रा मोकळा आहे

समोरच्या भाभीनं फिनाइलची बाटली माझ्या पायावर उलटी केली.

टाकत होती माझ्या दारापुढं. मी दारातच उभी होती. तिनं मला पाहिलं होतं, तरी हात थांबवला नाही. ते पांढरं पाणी माझ्या टाचांच्या भेगांत गेलं आणि अशी आग झाली की डोळे भरून आले.

"मच्छी की बदबू जाती नहीं इनकी," भाभी म्हणाली. मला नाही म्हणाली. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला म्हणाली. ती बाई हसली.

त्या दिवशी माझ्या घरात वांग्याची भाजी होती.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "सॉरी भाभी."

पाय पोळून राहिले आणि मी सॉरी म्हणून राहिली. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. तोंडातून आपोआप निघालं. आमच्या तोंडात ते आधीपासूनच भरून ठेवलेलं असते.

आम्ही ढिवर. माझं माहेर दवनीवाड्याकडचं, तळ्याच्या पाळीवरचं. बाप जाळं टाकायचा, माय टोपली घेऊन बाजारात बसायची. मी बारावी शिकली. लग्न होऊन गोंदियाला आली. छकुलीचे बाबा नागझिऱ्याच्या गेटवर जिप्सी चालवतात, लोकांना वाघ दाखवतात. जंगल सफारी सुरू असली की ते तिकडंच राहतात, सुट्टीच्या दिवशी घरी येतात. मी बाजारात एका साडीच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर साड्या उलगडायच्या, दिवसभर घड्या घालायच्या. गोंदियाला लागूनच फुलचूरला एका घराच्या मागच्या बाजूची खोली आम्ही किरायानं घेतली. मी, माझी पोरगी छकुली आणि कधीमधी तिचे बाबा.

घर असं की समोरच्या तीन खोल्यांत गुड्डूभैया आणि त्याची बायको, तीच भाभी. तेही किरायेदारच, पण घरमालकीण काकूंच्या नात्यातले. बाजारात त्यांचं दुकान. मागं आमची एक खोली. मध्ये अंगण. अंगणात नळ, कपडे धुवायचा दगड, आणि पार त्या टोकाला संडास-बाथरूम. त्यांचं त्यांच्या घरात होतं. अंगणातलं आमचं. फाटक एकच, त्यांच्या ओसरीपुढून जाणारं.

खोली घेताना काकूंनी विचारलं होतं, "खाणंपिणं काय हाये तुमचं?"

मी खरं सांगितलं. काकू म्हणाल्या, "आम्ही बी खातो, त्याचं काई नाई. साफसफाई ठेवजा म्हणजे झालं."

साफसफाई मी ठेवली. मासोळी आणली तर दार-खिडकी लावून शिजवली. उकाड्यात, घाम गाळत, उदबत्ती लावून. काटे कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकायची आणि बाजाराच्या कचराकुंडीत फेकायची. चोरीचा माल असल्यासारखे. छकुलीला शिकवलं होतं, बालवाडीत कोणी विचारलं की काय खाल्लं, तर वरण-भात सांगायचं.

तरी फिनाइल आलंच.

मग कुत्रा आला.

काळा, माझ्या कमरेपर्यंत उंच, मान ही एवढी जाड. नाव ब्रूनो. गुड्डूभैयानं गाडीतून उतरवला तेव्हा अख्खी गल्ली पाहायला आली. मी खिडकीतून पाहिलं. पहिल्या दिवशी बांधलेला होता. दुसऱ्या दिवशी अंगणात मोकळा.

मी दार उघडलं आणि तो धावत आला. भुंकला नाही. भुंकला असता तर बरं. घशातल्या घशात गुरगुरत, दात दाखवत, दारापुढं येऊन उभा राहिला. मी दार लावून घेतलं. दाराच्या फटीतून त्याचा श्वास ऐकू येत होता.

मी आतून हाक मारली, "भैया! भैया, कुत्रा पकडा ना!"

"अरे कुछ नहीं करता," गुड्डूभैया ओसरीवरून म्हणाला. खुर्चीतून उठला नाही.

कुछ नहीं करता. हे वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही ऐकू यायचं. छकुली संडासला जायचं म्हणून रडत असली, कुछ नहीं करता. मी कामावर जायला निघाली, अंगावर धावून आला, पर्स फेकून मी खोलीत पळाली, कुछ नहीं करता. एकदा मी हात जोडून म्हटलं, "भैया, आमच्या जाण्यायेण्याच्या टायमाले तरी बांधत जा."

तो हसला. "तुम डरती हो ना, इसलिए आता है. डरनेवाले को वो पहचानता है."

माझीच चूक. मी भिते, ही माझी चूक.

आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

माझ्या खोलीपासून संडास पंधरा-वीस पावलांवर. ती पावलं मला टाकता येईनात. सकाळी खिडकीतून पाहायची. कुत्रा मोकळा. थोड्या वेळानं पाहायची. मोकळा. पोट दाबून बसायची. शेवटी मी एक जुनी बादली खोलीच्या कोपऱ्यात ठेवली, तिला साडीचा आडोसा केला. आधी फक्त छकुलीसाठी. मग माझ्यासाठीही.

त्याच खोलीत चूल. म्हणजे गॅस. त्याच खोलीत माझा देव. त्याच खोलीत माझी पोरगी जेवायची.

कुत्र्याला फिरवायला नेलं की मी ती बादली झाकून घेऊन पळायची. संडासात रिकामी करायची, नळाखाली धुवायची, पुन्हा पळत यायची. पदर नाकाला नाही, डोळ्यांना लावावासा वाटायचा. ज्या बाईच्या घराचा वास येतो म्हणून फिनाइल ओततात, त्या बाईच्या घरात आता खरोखरच वास यायला लागला होता.

मी पाणी पिणं कमी केलं. दुकान उघडलं की मी आधी बाथरूमकडं पळायची. सोबतच्या पोरी हसायच्या, "ताई घरी जातच नाई वाटते, इथंच येते." मीही हसायची. उन्हाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली. ताप आला. डॉक्टरबाईनं विचारलं, "पाणी कमी पिता का?"

"हो."

"काऊन?"

काय सांगू? की माझ्या अंगणात कुत्रा मोकळा आहे?

"कामाच्या गडबडीत राहून जाते मॅडम," मी म्हटलं.

छकुलीला तर वेगळीच सवय लागली. सकाळी डोळे उघडले की आधी विचारायची, "आई, मोकळा हाये का?" अंथरुणातून उठायच्या आधी. इतर लेकरं दूध मागतात, टीव्ही मागतात. माझी पोरगी हे विचारायची. बालवाडीतली बाई म्हणाली, "कोणी जोरात बोललं की हिची चड्डी ओली होते. घरी मारता का हिला?"

नवऱ्याला कुत्र्याचं सांगितलं होतं, बादलीचं नाही. फोनवर ते म्हणायचे, "पळू नको. जनावरापुढं पळलं की ते मागं लागते. जागच्या जागी उभी राहा." वाघाच्या गोष्टी मला सांगायचे. मी म्हटलं, "तुम्ही एकदा बोला ना त्या भैयाशी." ते म्हणाले, "बोलून काय होते? दुसरी खोली कुठं भेटते आपल्याले? आठवते ना?"

आठवत होतं. दारोदार फिरलो होतो. आडनाव विचारायचे, गाव विचारायचे, बापाचा धंदा विचारायचे. मग सांगायचे, आमचा भाचा येणार आहे राहायला. या गावातल्या सगळ्या मोकळ्या खोल्यांत कोणाचा ना कोणाचा भाचा येणार होता.

मी काकूंकडंही गेली. त्या मागच्याच गल्लीत राहतात. काकूंनी चहा दिला. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते माझ्या नात्यातले लोकं होत. मी काय बोलू त्यांले? तुमचं पटत नसन तं पाहा बाई दुसरीकडं."

मी चहा तसाच ठेवून आली.

त्यानंतर मी कोणाला काही म्हटलं नाही. घाबरून राहायची पण एक शिस्त असते. दाराची कडी आवाज न करता काढायची. चपला हातात घ्यायच्या. छकुलीला कडेवर घ्यायचं, ती मोठी झाली तरी. फाटकापर्यंत भिंतीला चिकटून जायचं. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधून कुत्र्याचा आवाज आला तरी माझ्या हातातली साडी खाली पडायची. रविवार माझ्या सुट्टीचा. त्या दिवशी मी खोलीतून बाहेरच पडायची नाही.

अशाच एका रविवारी दुपारी माय आली.

न सांगता आली. गावच्या तळ्यात जाळं लागलं होतं, मरळ निघाली होती. नातीला आवडते म्हणून बुढी एसटीत बसून घेऊन आली. मला फाटकाची कडी ऐकू आली. मग तिची हाक, "बाई, हायेस का व घरी?"

मी खिडकीत धावली. "माय, थांब! आत येऊ नको!"

तोवर ती आत आली होती.

माय कोणाच्याही फाटकातून शिरताना वाकून शिरते. फाटक उंच असलं तरी. तशीच वाकून, एका हातात पिशवी धरून ती अंगणात आली. गुड्डूभैया ओसरीवर खुर्चीत. भाभी दारात. ब्रूनो नळापाशी. पिशवीतून पाणी गळत होतं.

गुड्डूभैया म्हणाला, "ले ब्रूनो. मच्छीवाली आई."

मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं. हसत म्हणाला. जोरात नाही, ओरडून नाही. आपल्या लेकराला खाऊ दाखवावा तसा म्हणाला.

कुत्रा धावला. मायनं पिशवी सोडली नाही. ती मागं सरकत गेली, धुण्याच्या दगडावर चढली. साठीच्या पुढची बाई, गुडघे दुखतात, ती त्या दगडावर कशी चढली मला माहीत नाही. कुत्र्यानं पदर धरला. ओढला. पदर फाटला, पिशवी सुटली, मासोळ्या अंगणात पडल्या. एक जिवंत होती. ती मातीत तडफडत होती. माझ्या मागं छकुली किंचाळत होती, माझ्या कुर्त्याला लोंबकळली होती.

भाभीनं मोबाईल काढला होता. शूटिंग करत होती. हसू आवरत नव्हतं म्हणून तिचा हात हलत होता.

मी खिडकी सोडून दारात आली होती. माझे पाय हलेनात. दगडावर उभ्या माझ्या मायला मी पाहत होती, आणि माझे पाय हलेनात.

तेव्हा मायनं हात जोडले. दगडावर उभ्या उभ्या, फाटक्या पदरानं, त्या खुर्चीतल्या माणसाला हात जोडले आणि म्हणाली, "चुकली जी मालक. चुकली मी. धरा ना जी त्याले."

चुकली.

काय चुकली? नातीसाठी मासोळी आणली, हे चुकली? लेकीच्या घरी आली, हे चुकली? दिवसभर उन्हात बसून ज्या बाईनं टोपलीतली मासोळी विकून मला शिकवलं, ती काय चुकली? तिचा तो शब्द माझ्या कानात शिरला आणि माझ्याच आवाजात परत ऐकू आला. सॉरी भाभी. सॉरी भाभी. फिनाइलवाल्या दिवसापासून मी रोज हेच म्हणत आली होती. माझ्या मायनं मला दिलं, आणि माझी छकुली मागं उभी राहून शिकत होती.

मी छकुलीची बोटं कुर्त्यावरून सोडवली. तिला आत केलं. दाराशी प्लास्टिकची खुर्ची होती, ती उचलली आणि अंगणात गेली.

मी शूर नाही. हे नीट समजून घ्या. खुर्चीचे पाय पुढं धरून मी चालत होती आणि ती खुर्ची माझ्या हातात थडथड वाजत होती. कुत्र्यानं पदर सोडला आणि तोंड माझ्याकडं फिरवलं. त्याचे दात माझ्यापासून हातभर. मी माय आणि कुत्र्याच्या मध्ये उभी राहिली. आणि मला कळलं की माझी सलवार ओली झाली आहे. पायावरून गरम धार खाली मातीत जाऊन राहिली. सगळ्यांसमोर. भर दुपारी.

"हाय दैया! देखो, देखो!" भाभी ओरडली. मोबाईल माझ्या पायांकडं केला.

गच्चीवरून लोक पाहत होते. पलीकडची बाई होती. तिचा पोरगा होता.

त्यापेक्षा खाली जायला आता काही उरलं नव्हतं. ज्या गोष्टीला मी इतके महिने घाबरत होती, जी आडोशामागं, बादलीत, झाकून ठेवत होती, ती सगळ्या गल्लीपुढं झाली. आणि मी मेली नाही. उभीच होती.

"काढा शूटिंग," मी म्हटलं. आवाज फाटला होता, पण निघाला. "नीट काढा भाभी. माझं बी काढा, माझ्या मायचं बी काढा. आणि तुमच्या नवऱ्याचं बी काढा, खुर्चीत बसून हाये तो. तो काय म्हणाला ते बी सांगा त्यात."

भाभीचं हसू थांबलं.

"मैडम, आराम से," गुड्डूभैया म्हणाला. "कुछ नहीं करता वो."

"तो नाई करत. तुम्ही करून राहिले." मी त्याच्याकडं पाहत नव्हती, कुत्र्यावरची नजर हटवायची हिंमत नव्हती. "कुत्रा बांधा. आता बांधा. मी इथून हालत नाई."

गच्चीवरून कोणीतरी म्हणालं, "अरे बांध ना गुड्डू, बुढी हाये."

गुड्डूभैयानं शीळ घातली. एक छोटीशी शीळ. ओठ नुसते गोल करून.

ब्रूनो वळला. शेपूट हलवत ओसरीवर गेला आणि त्याच्या पायाशी बसला.

एका शिळेवर. एवढंच होतं. इतके महिने, माझी बादली, माझा ताप, माझ्या पोरीची ओली चड्डी, सगळं एका शिळेनं थांबलं असतं. त्याला ती रोज घालता येत होती. तो घालत नव्हता.

तिथं माझी भीती कुत्र्यावरून उठली आणि बरोबर माणसावर जाऊन बसली. कमी नाही झाली. पण आता मला तिचा पत्ता माहीत होता.

मायला खाली उतरवलं. ती लागली मासोळ्या वेचायला. एकही मासोळी तिनं सोडली नाही. नळाखाली धुतल्या. म्हणाली, "चाल बाई गावाले. सोड हे घर. मोठ्या लोकाईच्या तोंडी कायले लागतं?"

मी कपडे बदलले. छकुलीला कडेवर घेतलं आणि मायला फाटक्या पदरासकट ऑटोत बसवलं. पोलीस ठाण्यात नेलं. आमच्या घरातलं कोणी आजवर स्वतःहून त्या पायऱ्या चढलं नव्हतं.

हवालदारानं विचारलं, "चावला का?"

"नाही. पदर फाडला."

"चावलाच नाही तर तक्रार कायची?"

"चावल्यावर येऊ का साहेब?" मी म्हटलं. "त्यानं नाव घेऊन सोडला. मच्छीवाली म्हणून सोडला."

त्यानं मान वर करून पाहिलं. "कोण होत तुम्ही लोकं?"

साडीच्या दुकानात, खोल्या पाहताना, बालवाडीत, मी हा प्रश्न आला की इकडंतिकडं बोलायची. गाव सांगायची, तालुका सांगायची. त्या दिवशी मी सरळ सांगितलं. "ढिवर." अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं. मायनं चमकून माझ्याकडं पाहिलं.

फार काही झालं नाही. खोटं कायले सांगू? कोणाला अटक झाली नाही. बराच वेळ बसवून ठेवल्यावर हवालदारानं तक्रार लिहून घेतली आणि गुड्डूभैयाला फोन केला, कुत्रा बांधून ठेव, पुन्हा तक्रार ठाण्यापर्यंत येऊ देऊ नको. बस्स. पण संध्याकाळी आम्ही परत आलो तर ब्रूनोच्या गळ्यात साखळी होती.

भाभीनं ते शूटिंग गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. कोणाकोणाकडून फिरत ते नागझिऱ्याला पोचलं. छकुलीच्या बाबांचा फोन आला. म्हणाले, "सोडून दे ती खोली. आता तोंड कसं दाखवणार तू तिथं?"

मी त्यांना बादलीचं सांगितलं. पहिल्यांदा. सगळं सांगितलं. मी म्हटलं, "तोंड त्यांनी लपवावं. मी खोली सोडत नाई. तुम्ही या, आणि गुड्डूभैयाशी बोला. नाई बोलले तरी मी सोडत नाई."

ते आले. बोलले. वाघाच्या जंगलात गाडी नेणारा माणूस, एका ओसरीपुढं उभं राहताना त्याचे हात कापत होते.

मागच्या आठवड्यात काकू आल्या. दारातूनच म्हणाल्या, "पोलीसगिलीस झालं, बदनामी झाली माझ्या घराची. महिन्याभरात खोली खाली करा."

मी पातेल्यावरचं झाकण काढलं. दार उघडं होतं, खिडकी उघडी होती. मरळीचा रस्सा उकळत होता.

"काकू," मी म्हटलं, "पाच दारं फिरून तुमच्या दारी आलो होतो आम्ही, काहीच लपवलं नव्हतं. कुत्र्याच्या भीतीनं मी खोली सोडणार नाई. कोणाच्या नाकाले वास येते म्हणून बी नाई. काढायचं असन तं कायद्यानं काढा. आणि कारण लिहून द्या. काऊन काढून राहिले ते तुमच्या हातानं लिहा."

काकू निघून गेल्या. पुन्हा येतील, मला माहीत आहे.

साखळी वाजली की माझा हात अजून दाराच्या कडीकडं जातो. अंगणातून जाताना मान ताठ होते, पाठ घामेजते. छकुली अजून सकाळी विचारते, मोकळा हाये का. मी तिला खोटं सांगत नाही. बांधला आहे, पण सुटू शकते, असं सांगते. आणि तिचा हात धरून तिला अंगणाच्या मधून नेते. भिंतीच्या कडेनं नाही. मधून.

माय पुढच्या रविवारी येणार आहे. फोनवर म्हणाली, मागच्या बोळीतून येऊ का बाई, मासोळी कापडात झाकून आणू का?

मी सांगितलं, फाटकातून ये. टोपली उघडी ठेव. वाकू नको. आणि कोणी काही म्हटलं तर हात जोडायचे नाहीत. मी फाटकात उभी असेन, पाय कापत असले तरी उभी असेन.